मांजराला हाकलू नका, वाफा झाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सरला की नाशिकच्या बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे तयार होतात आणि लगेच शेजाऱ्यांत कुरबुर सुरू होते, 'तुमचं मांजर आमच्या वाफ्यात घाण करतं.' मांजराला कोरडी, भुसभुशीत, पंजाने उकरता येईल अशी माती लागते. नुकताच खुरपलेला वाफा नेमका तसाच असतो. म्हणून इलाज मातीवर करायला हवा.

सगळ्यांत खात्रीची म्हणजे एक इंची भोकांची कोंबडीची जाळी. चार बाय सहा फुटांच्या वाफ्याला तीन फुटी रोलचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे लागतात. बी पेरल्यावर ते शेजारी शेजारी अंथरा, मधला जोड बाइंडिंग तारेने बांधा आणि दोन्ही टोकांचे सहा-सहा इंच खाली दुमडून मातीत दाबा. वर अर्धा इंच माती पसरा. मेथी, कोथिंबीर, पालक भोकांतून सहज वर येतात. मुळा-गाजराला मात्र ही जाळी नको, कंद त्यात अडकतो. बहुतेकांची चूक होते ती कडांपाशी. त्या सैल राहिल्या की मांजर तिथूनच उकरतं आणि एखाद्या वेळी त्याची नखंही अडकतात.

जाळी नसेल तर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या वापरा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. दीड वीत लांबीच्या काड्या चार-चार इंचांवर उभ्या खोचल्या की मांजराला बसायला जागाच उरत नाही. फवारणी नुकतीच झालेल्या बागेतल्या काड्या पालेभाजीत नकोत. कुंड्यांत नारळाच्या करवंट्यांचे तुकडे पसरावेत, पण पालथे. उताणे ठेवले तर पाणी साचून डास होतात. बोनमील किंवा मासळीचं खत घातलं असेल तर ते मातीत खोल मिसळा. वासाने मांजर हमखास उकरायला येतं.

निळीच्या पाण्याच्या बाटल्यांनी काहीही होत नाही. संत्र्याची साल वाळेपर्यंतच थोडीफार चालते. तिखट, फिनेल आणि डांबरगोळ्या मात्र कृपा करून वापरू नका. तिखट डोळ्यांत जाऊन प्राण्याचे हाल होतात आणि एका पाण्यात ते धुऊनही जातं. फिनेल पंजाला लागतं, मांजर पंजे चाटतं आणि त्याचं यकृत असली रसायनं निपटू शकत नाही. डांबरगोळ्या मांजराला विषारी आहेतच, अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांनाही आहेत. मुद्दाम विष घालणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे.

झालेली घाण त्याच दिवशी काढा. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो. तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, नंतर मात्र मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बाईने हे काम करूच नये. इतरांनी हातमोजे घालून खालच्या दोन इंच मातीसकट घाण उचलावी आणि पिशवी बांधून घंटागाडीत वेगळी द्यावी. खताच्या खड्ड्यात ती अजिबात नको. फरशीवर मूत्र असेल तर आधी साधं पाणी, मग निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी. अमोनिया असलेला क्लीनर मूत्रासारखाच वास देतो, म्हणून मांजर पुन्हा तिथेच येतं.

मांजर पाळणाऱ्यांचं कामही तितकंच मोठं आहे. दीड बाय दोन फुटांचा उथळ टब घ्या, त्यात तीन इंच चाळलेली बारीक वाळू भरा. एका मांजराला दोन टब, दोघांना तीन. जेवणाच्या वाटीपासून ते लांब ठेवा, घाण रोज काढा, वाळू आठवड्याला बदला. टबात घाण साचत गेली की मांजर शेजारच्या वाफ्यात गेलंच म्हणून समजा. बोका भिंतीवर फवारे मारत असेल तर पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर पशुवैद्यांना विचारून निर्बीजीकरण करून घ्या, बहुतेक बोक्यांत ते पुष्कळ कमी होतं. आणि टब नवा असताना शेजाऱ्यांच्या वाफ्यातली घाण झालेली मूठभर माती हातमोजे घालून त्यात टाका. त्या वासावरून मांजराला आपली जागा कळते.

– परसबाग करणारी एक वाचक, नाशिक