अमेरिकेतली कॉफी आणि महाडचं तळं

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या फालतू केसेसवर लेख आला त्यात परत तीच मॅकडोनाल्डची कॉफी. अंगावर कॉफी सांडली म्हणून बाईने करोडो उकळले, हसा. अहो निदान केस पूर्ण तरी सांगा. १९९२ साल, न्यू मेक्सिको राज्य, ७९ वर्षांची आजी, गाडी थांबलेली, कप मांडीत धरून झाकण काढायला गेली आणि ८० डिग्री सेल्सियसच्या वरची कॉफी मांडीवर सांडली, कपड्यात मुरली, कातडी पार भाजली, आठ दिवस हॉस्पिटल, दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. तिने मागितले २० हजार डॉलर, कंपनी म्हणाली ८०० घ्या. मग कोर्टात निघालं की अशा भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या! ज्युरीने दंड लावला २७ लाख डॉलर, कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री धरून, पण जजने एकूण आकडा ६ लाख ४० हजारावर आणला आणि शेवटी बाहेरच तडजोड झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते फक्त २७ लाख.

आता फालतू केसेस नसतातच असं मी म्हणत नाही. वॉशिंग्टनमध्ये एक माणूस, स्वतः प्रशासकीय जज, लाँड्रीवाल्याने पँट हरवली म्हणून ५ कोटी ४० लाख डॉलर मागत बसलेला. २००७ मध्ये तो हरला, पण तोवर त्या लाँड्रीवाल्या कोरियन नवरा-बायकोची दमछाक झाली आणि ते दुकान बंदच करावं लागलं.

तुमचे लेखक म्हणतात केस टाकणाऱ्याला जबर दंड ठोका म्हणजे सुतासारखे सरळ होतील. करून बघितलंय हो अमेरिकेने ते. १९८३ मध्ये तिथल्या फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टांचा नियम ११ कडक केला, बिनबुडाची केस आणली तर दंड करणं जजला बंधनकारकच. फटका जास्त बसला तो नागरी हक्काच्या केसेसना. साहजिक आहे, वर्णामुळे नोकरी गेलेल्या माणसाकडे पहिल्याच दिवशी पुरावा कुठून येणार, कागद सगळे मालकाच्या कपाटात. शेवटी १९९३ मध्ये नियम सैल केला, दंड जजच्या मर्जीवर सोडला आणि समोरच्याने नोटीस दिल्यावर २१ दिवसांत केस मागे घेतली तर सुटका.

कोकणातल्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, डिसेंबरात परत सत्याग्रह ठरला तर त्याच्या तोंडावर काही सवर्ण मंडळींनी तिथल्या दिवाणी कोर्टात दावा टाकला की तळं खासगी आहे, आणि मनाई हुकूम आणला. नगरपालिकेचं तळं आणि म्हणे खासगी! तो दावा मुंबई हायकोर्टात निकालात निघाला मार्च १९३७ मध्ये. म्हणजे कोर्टाचा वापर करून लोकांना अडवणारे बलदंडच होते, आणि हक्क पण कोर्टातच मिळाला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातही तसंच, न्यूयॉर्क टाइम्सने काळ्यांच्या चळवळीची जाहिरात छापली म्हणून तिथल्या एका अधिकाऱ्याने त्या पेपरवर ५ लाख डॉलरचा बदनामीचा दावा जिंकला होता, सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये तो उडवला.

त्यामुळे दार बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी बघावं की दारात उभं कोण आहे. फालतू दावा लवकर फेकला जावा हे मला पण पाहिजे, आमच्याकडे गडग्याच्या हातभर जागेसाठी भावकीत दावे चालतात, फिर्यादी मरतो, मुलगा वारस म्हणून नाव लावतो आणि परत तारीख. काही दावे तर फक्त समोरच्याला वैताग द्यायलाच असतात हे आख्ख्या वाडीला माहीत असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५-अ आहे, खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई, आणि तिची कमाल मर्यादा किती तर ३००० रुपये. मुंबईहून तारखेला येणाऱ्या चाकरमान्याचा दोन फेऱ्यांचा खर्च पण त्यात निघायचा नाही. कॉफी राहू दे बाजूला, पुढच्या रविवारी ह्या ३००० रुपयांवर लिहा की कोणीतरी.

आपला एक वाचक,
चिपळूण