ऑथेल्लो जात्या संशयी नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला ‘जात्याच तापट आणि संशयी’ ठरवून टाकले आहे. सांगलीच्या हौशी मंडळींत मी विंगेत पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर. मला पात्र कळते ते त्याच्या वाक्यांवरून, आणि ही वाक्ये काही वेगळेच सांगतात.

पहिल्या अंकात, मुलीने चोरून लग्न केले म्हणून, रात्री सासरा ब्राबँशिओ माणसे घेऊन अंगावर येतो, तलवारी उपसल्या जातात. ऑथेल्लो म्हणतो, म्यान करा त्या, दवाने गंजतील. बस्स, एवढेच. पुढे व्हेनिसच्या दरबारात ‘मला गोड बोलणे जमत नाही’ म्हणत असे काही बोलतो, की ही कहाणी ऐकून माझीही मुलगी भुलली असती, असे खुद्द ड्यूक कबूल करतो. तापट माणसाची ही तऱ्हा?

बिघडते ते तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. बायकोचे कॅसिओ या नायबाशी सूत असल्याचा संशय पेरणारा हाताखालचा अधिकारी इयागो आधी फारसे बोलतच नाही. ‘कॅसिओ प्रामाणिक नाही का?’ असे विचारले, तर ‘प्रामाणिक, महाराज?’ एवढेच म्हणून थांबतो. उरलेले ऑथेल्लो स्वतःच भरत जातो. मात्र जनावरांची भाषा मूळची इयागोची. पहिल्याच प्रवेशात तो मेंढे-घोडे काढून ब्राबँशिओची झोप उडवतो. तीच भाषा आता ऑथेल्लोच्या तोंडी बसते. चौथ्या अंकात पाहुणा लोडोविको समोर असताना तो बायकोवर, डेस्डेमोनावर, हात टाकतो, आणि ‘सायप्रसमध्ये आपले स्वागत’ म्हणता म्हणता मध्येच ‘बोकड आणि माकडे!’ असे ओरडून निघून जातो. बोकड-माकडांची ही जोडी तिसऱ्या अंकात इयागोने त्याच्या कानात घातलेली.

लोडोविको येतो त्याच प्रवेशात, थोडे आधी, ऑथेल्लो घेरी येऊन पडतो. तिथे तर पद्यही सुटलेले असते. रुमाल, कबुली, पुन्हा रुमाल, नाके, कान, ओठ... एका वाक्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. तालमीत आमचा नट इथे अडखळला, की तो वाक्य विसरलाय की बरोबर करतोय, हे मला कळायचे नाही. (नंतर मी ते पान आले की गप्प बसू लागलो.) ज्या माणसाची भाषा मुळातच फाटकी, त्याची अशी चिरफळी कशी दाखवणार? म्हणून पहिल्या प्रवेशापासून डोळे वटारणारा ऑथेल्लो मला नट म्हणूनही लबाड वाटतो. सगळे आधीच खर्चून बसतो.

आणि शेवटी ती भाषा परत येते, बायकोचा जीव घेतल्यावर. मी राज्याची थोडी सेवा केली आहे, अशी सुरुवात करून तो अलेप्पोतल्या एका तुर्काची गोष्ट सांगतो आणि तिच्या शेवटच्या शब्दासरशी स्वतःला भोसकतो. दरबारात बोलणारा माणूस तो हाच.

जात्या संशयी नवरा पाहायचा असेल, तर तो आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी लिहून ठेवला आहे. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव. तो आल्यापासून तसाच असतो, म्हणून तर आपण हसतो. ऑथेल्लोवरून १८९० साली ‘झुंझारराव’ रचणारेही हेच देवल. दोन्ही नाटके एकाच लेखणीची असताना पुरवणीतल्या लेखकाने झुंझाररावाला फाल्गुनरावाच्या पंगतीला बसवावे, आणि लेखात देवलांचे नावही नसावे, हे सांगलीकराला खटकणारच.

आपला,
एक प्रॉम्प्टर, सांगली