फक्त बेसबॉलबद्दल

रॉकव्हिल, २२ जुलै २०२०

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्याला तीन आठवडे होऊन गेले. नंतर बोलणं झालं, पण 'जेवलीस का', 'झोपलीस का' याच्या पुढे गाडी सरकत नाही. तुझ्या ड्युट्या अशा की आम्ही फोन करावा तर तुझी झोप मोडते. म्हणून लिहायला बसलो. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. मराठी शाळेतलं अगदीच विसरली नसशील. अडलं तर आईला विचार. तिला मी शब्द दिलाय की या पत्रात फक्त बेसबॉल असेल.

तर उद्या आपल्या वॉशिंग्टन नॅशनल्सचा सीझन सुरू होतोय. आपल्याच मैदानावर, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध. चेंडू टाकायला आपला शर्झर, त्यांचा गेरिट कोल. १६२ मॅचेसच्या जागी ६०, आणि स्टँडमध्ये एकही माणूस नाही. १२ मार्चला कोरोनामुळे सगळं थांबलं, तेव्हापासून मालक आणि खेळाडू पैशांवरून भांडत होते, ते वाचून जीव विटला होता. पण काल नवी वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि बरं वाटलं.

मग गेल्या वर्षीची वही काढून बसलो. ५० मॅचेस झाल्या तेव्हा आपण १९ जिंकलेल्या आणि ३१ हरलेल्या. त्या पानाच्या कोपऱ्यात तुझं अक्षर आहे, 'बाबा, संपलं.' ६० झाल्या तेव्हा २७-३३. म्हणजे गेल्या वर्षीचा सीझन ६० चा असता तर ऑक्टोबरमध्ये आपलं नावही निघालं नसतं. पुढे ९३ जिंकून वर आलो, मिलवॉकीविरुद्ध आठव्या इनिंगला सोटोने वाचवलं, लॉस एंजेलिसला दहाव्या इनिंगला केंड्रिकने. लोकांना वाटतं हा खेळ लांबतो, कंटाळवाणा आहे. मला तर त्या लांबीचाच आधार वाटतो. मे महिन्यात वाया गेलेल्याला ऑगस्टपर्यंत सुधारायला वेळ मिळतो. यंदा तो वेळ नाही. पहिल्या दहा-पंधरा मॅचेस घसरलो की झालं.

वर्ल्ड सीरिजची, म्हणजे फायनलची, सातवी मॅच आठवते? भाऊबीजेचा दुसरा दिवस होता. फराळाचा डबा सोफ्यावर आपल्या दोघांच्या मध्ये. आपल्या रेंडनने होम रन मारला तेव्हा तुझ्या हातात चकली होती, आणि ती खायची की नाही यावर आईने निकाल दिला, 'हातातच धर.' मग केंड्रिकचा तो चेंडू उजवीकडच्या खांबावर टण्णकन आपटला, म्हणजे होम रनच. आपण तिघंही ओरडलो नाही. तू फक्त माझा हात धरलास.

तो खांब ह्युस्टनला आहे. तुझ्या फ्लॅटपासून किती मैल, ते मी नकाशावर बघून ठेवलंय. तुझं हॉस्पिटलही त्याच नकाशावर आहे. तिथल्या बातम्यांत रोज आकडा येतो, आयसीयूत किती खाटा भरल्या त्याचा, आणि मी आधी तो बघतो, मग चहा घेतो.

हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, कारण पान खराब दिसेल.

आपला झिमरमन यंदा खेळणार नाही असं जाहीर झालं त्या दिवशी मी तुला फोन केला, ते चुकलं. तू दोन दिवसांनी रुजू होणार होतीस, पहिल्यांदाच डॉक्टर म्हणून, आणि बाप सांगतोय काय, तर सुट्टी घे. पण माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. २००५ पासून या टीममध्ये असलेला माणूस. वर्ल्ड सीरिजमध्ये आपला पहिला होम रन त्याचाच, तोही याच कोलच्या चेंडूवर. घरी तान्हं बाळ, आईला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणून तो थांबला. त्याला थांबता येतं तर तुला का नाही, असं मी विचारलं. तू म्हणालीस, 'बाबा, तो नसला तरी मॅच होते.' आणि वर शर्झर काढलास. 'रविवारी ज्याला मान धरल्यामुळे बायकोच्या मदतीशिवाय कपडे घालता येत नव्हते, तो बुधवारी सातव्या मॅचला उतरला, त्याचं कौतुक तूच सांगतोस ना?' मी म्हणालो, मानेचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. मग तू फोन ठेवलास.

मी चुकीचं बोललो असं मला अजून वाटत नाही. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. त्याबद्दल माफ कर.

फक्त एवढंच, की जेवताना एकटी बस. मास्क उतरतो तो जेवतानाच, आणि ड्युटीवरचे सगळे दमलेले असतात, गप्पा माराव्याशा वाटतात. चष्मा, केस, फोन, सगळं घरात शिरण्याआधी पूस. आणि 'मी तरुण आहे' हे वाक्य मला परत ऐकवू नकोस. नानाही शेवटपर्यंत म्हणत होते की मला काय होतंय. बघ, पुन्हा सुरू झालो. तू हे सगळं माझ्यापेक्षा जास्त शिकली आहेस. मी सांगलीचा स्कोअरर, मला आकडे लिहिता येतात तेवढंच.

तेही खरंच आहे. विजय हजाऱ्यांच्या गावात वाढून मला बॅट धरता आली नाही, म्हणून क्लबाने हातात पेन्सिल दिली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मी इथे एकटा आलो, तेव्हा तू सांगलीला आजीकडे रांगत होतीस. संध्याकाळी करायला काही नाही. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी म्हणाला, तुला स्कोअर लिहिता येतो ना, मग बेसबॉल बघ. आणि त्याच महिन्यात, १२ तारखेला, खेळाडूंचा संप झाला. वर्ल्ड सीरिजसुद्धा रद्द. त्या वर्षी सगळ्यांत पुढे कोण होतं माहीत आहे? माँट्रियल. ७४ जिंकलेल्या, ४० हरलेल्या. तीच टीम ११ वर्षांनी वॉशिंग्टनला आली आणि आपली झाली. त्यांना तो सीझन कोणी पुरा करू दिला नाही. म्हणून यंदा माझी अपेक्षा फार नाही. पुन्हा चॅम्पियन व्हा असंही म्हणत नाही. रेंडनही आता नाही. ६० च्या ६० व्हाव्यात, आणि त्यातला कोणी आजारी पडू नये.

आर. एफ. के. स्टेडियमचा तो पहिला दिवस तुला किती आठवतो, कोण जाणे. १४ एप्रिल २००५. तू सहावीत. लोक उड्या मारायला लागले की स्टँडच हलायचा, आणि तू माझी बाही सोडायला तयार नव्हतीस. तिथेच तुला मी के काढायला शिकवला. बॅटर बॅट फिरवून आउट झाला तर सुलटा के, नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा. तू विचारलंस, उभ्या उभ्या आउट होणाऱ्याला वेगळी खूण कशाला? मला उत्तर देता आलं नव्हतं. त्यानंतर तू कधी कुठे नुसती बघत उभी राहिली नाहीस, हे मी आईला नेहमी सांगतो. तुला सांगत नाही.

नवे नियम तू वाचले असशील. पिचरने आता बॅटिंग करायची नाही. जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा. न कमावलेला माणूस वहीत कसा मांडायचा, सांग. आणि टीम यंदा ह्युस्टनला येणारच नाही, सगळं पूर्वेतल्या पूर्वेत. उरलेलं उद्या मॅच संपल्यावर लिहितो.

२३ जुलै, रात्री उशिरा

मॅचच्या काही तास आधी बातमी आली, सोटो पॉझिटिव्ह. २१ वर्षांचा पोरगा, लक्षणं काहीच नाहीत. त्यांची तपासणी एक दिवसाआड होते तरी. तुमची कधी होते, हे तू सांगत नाहीस. मी विचारत नाही. (विचारलंच.)

पहिला, मानाचा चेंडू साथीबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या डॉक्टर फाउचींनी टाकला. बराच बाहेर गेला. मी हळहळलो तर आई म्हणाली, '७९ वर्षांचा माणूस कामावर जातोय, आणि तुम्ही सत्तावीस वर्षांच्या पोरीला घरी बस म्हणत होता.' मी वहीत डोकं घातलं.

राष्ट्रगीताआधी दोन्ही टीम्स एक लांब काळी फीत धरून गुडघ्यावर बसल्या. रिकाम्या मैदानात चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की मला क्लबाचं मैदान आठवलं. पहिल्याच इनिंगला स्टँटनने शर्झरला होम रन मारला, दोन रन. उत्तरात ईटनने एक. मग सहाव्या इनिंगला विजा आणि असा पाऊस, इथे आपल्या खिडकीवरही तोच. मैदान झाकलं, जवळपास दोन तास ताटकळलो, आणि शेवटी मॅच तिथेच संपवली. ४-१ हरलो. वहीत सहावा रकाना अर्धा कोराच राहिला आहे.

त्या पानाची झेरॉक्स पत्राबरोबर ठेवतोय. पार्सलमध्ये मेतकूट, गोडा मसाला आणि आईने शिवलेले आठ कापडी मास्क आहेत, ते बाजारात जाताना. मेतकुटाचं झाकण घट्ट आहे, सुरीने उघडू नकोस, गेल्या वेळी काय झालं माहीत आहे.

मनू, फोन करायचा नसेल तर नको करूस. ड्युटीवरून आलीस, हात धुतलेस, आडवी झालीस की मोबाइलवर नुसता एक के पाठव. रात्रीचे तीन असले तरी चालेल. मी तो त्या दिवसाच्या पानावर मांडीन.

तुझा,
बाबा