जुन्या वाद्यात गम ओतू नका
संपादक साहेब, नमस्कार. आजोबांनी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या लिलावात घेतलेली हार्प गिटार परवा माळ्यावरून खाली काढली. नेहमीच्या सहा तारा आहेतच पण शेजारी पोकळ हातासारखा भाग वर गेलाय, त्यावर पाच जाड खर्जाच्या तारा, त्यांच्याखाली पडदे नाहीत, मोकळ्याच छेडायच्या, आपल्या स्वरमंडलासारख्या. एवढ्या तारांचा ताण म्हणजे तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, फुगणारच, तारा टेकतात ती घोडी मागून उचललीय, फटीत कागद सरकतो. टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून बघितलं तर दोन आधारपट्ट्या सुटलेल्या, वर पूर्वी कुणीतरी पांढरा गम ओतून स्क्रू मारलेत, बघून जीव कळवळला हो! जुन्या वाद्यांचे जोड चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, वापरायचे, तो ऊब आणि ओल दिली की सुटतो, जोड लाकूड न फाडता उघडता येतो, गमाचं तसं नाही. आता मिरजेला नेणार, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्या खास मालाची सरकारी ओळख, मिळालाय, लाकूड कळणारे हात तिथे आहेत. बेळगावच्या पावसात भिंतीलासुद्धा बुरशी येते, त्या ओलीत सरसाचे जोड ताणाने सुटतात, तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशी वाद्यं पडून आहेत त्यांनी आधी तारा सैल करून ठेवाव्यात, कृपया एवढं छापा.
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव