मंगळवारच्या काकांना

काका, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं, कारण तुम्ही नुसता अंगठा पाठवून विषय संपवणार हे मला माहितीये. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळून दाखवा. तुम्ही ओहायो सोडून लेकीकडे ॲरिझोनाला गेलात त्याला दोन महिने होतील, पण मंगळवारी संध्याकाळी अजून आमच्यातलं कोणी ना कोणी दाराकडे बघतं, आणि मग "अरे हो" म्हणून खडू उचलतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका घराच्या बेसमेंटमध्ये कॅरम स्पर्धा होती. तेव्हा मला इकडे येऊन दीड वर्ष झालेलं, एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि बाहेर बर्फ नसला तरी जायचं कुठे हा प्रश्न. इचलकरंजीत गल्लीतल्या पोरांच्यात कॅरम खेळून वाढलेली मी, त्या दिवशी राणी घेतली आणि पुढच्याच शॉटला पातळ कट मारून कव्हर केलं. पोह्यांची डिश हातात घेऊन उभे होतात तुम्ही. नाव नाही, गाव नाही, डायरेक्ट "मंगळवारी मोकळी असतेस का?" मी मनात म्हटलं, काका, मी सोमवार ते रविवार मोकळी असते.

मंगळवारी तुमची पूल लीग असायची, पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा, टेबलावर काठीने बॉल भोकात घालायचा खेळ. ती स्विमिंग पूलची असं मला दोन दिवस वाटत होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

आणि मग गाडीत बसल्यावर तुम्ही जे खरं सांगितलंत ना, त्यासाठी हे सगळं पत्र आहे. इथल्या एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीगमध्ये आठ बॉलच्या खेळात प्रत्येकाला २ ते ७ मधला एक नंबर असतो, जितका चांगला खेळाडू तितका मोठा नंबर, आणि एका रात्री जे पाच जण खेळतात त्यांच्या नंबरांची बेरीज २३ च्या वर जाऊ द्यायची नाही. सगळे वाघ एका टीममध्ये भरता येऊ नयेत म्हणून. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत, आमचा इलेक्ट्रिशियन सात, मी सहा, बसवाली चार, वेअरहाऊसमधला पोरगा तीन, झाले वीस, आता पाचवा माणूस तीनचाच पाहिजे, आणि नवीन बाईचा नंबर तीनपासूनच सुरू होतो. म्हणजे मला कच्ची म्हणूनच घेतलेलं! दुसऱ्या कुणाला राग आला असता. मला इतकं बरं वाटलं काका, की रात्री नवऱ्याला दोनदा सांगितलं, "त्यांना तीन पाहिजे होता." दीड वर्षात कुणालातरी माझी गरज पडली होती, भले बेरजेपुरती का असेना.

पहिली रात्र आठवते का? क्यू, म्हणजे ती काठी, धरता येईना, बोटांना स्ट्रायकरची सवय, डाव्या हाताचा क्यूला टेकू करायचा तर अंगठा कुठे ठेवायचा तेच कळेना. पण अँगल कळत होते, कट तो कटच, आणि बँक शॉट म्हणजे आपला रिबाउंडच की. समोर सहा नंबरवाला दाढीवाला माणूस. त्याला ५ गेम जिंकायचे होते आणि मला फक्त २. माझा पहिला गेम अगदी शेवटपर्यंत आणला आणि काळा बॉल मस्त भोकात घातला, टाळ्यांची वाट बघत उभी, तर समोरची टीम हसायला लागली. कुठल्या भोकात घालणार तिथे आधी मार्कर ठेवायचा असतो. नाही ठेवला, गेम गेला. मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, त्यात जमीन बिअरने चिकट.

नंतरच्या गेममध्ये तुम्ही टाइमआउट घेतला. तीन नंबरवाल्याला एका गेममध्ये दोन टाइमआउट मिळतात, एकेक मिनिटाचे. मला वाटलं आता कुठला बॉल, किती जोर, पांढरा कुठे थांबवायचा ते सांगणार. तुम्ही टेबलाकडे बघितलंच नाही. म्हणालात, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. "मग पटकन संपव, इथले फ्राईज बरे असतात." एवढं बोलून परत खुर्चीत! समोरची टीम आपापसात म्हणत होती की कोच काहीतरी सीक्रेट स्ट्रॅटेजी सांगून गेला, कळलं नाही कुठल्या भाषेत. तो गेम मी जिंकले. मॅच हरले, पण तो गेम जिंकले.

मंडळातल्या काही जणींनी "बारमध्ये जाते म्हणे" चालवलं होतं, ते तुमच्याही कानावर आलं असणार. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पुढच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) त्यांच्याच टेबलावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात की मंगळवारी मी कोक पितो आणि ही लिंबू सोडा, दोघांचं बिल इतकं कमी होतं की वेट्रेस वैतागते. विषय संपला. (पूर्ण संपला नाही, पण मला ऐकू येईनासा झाला.)

बसवालीबद्दल लिहिलं नाही तर ती रागवेल, तिला कुणीतरी ट्रान्सलेट करून दाखवणारच. बेचाळीस सीटची पिवळी स्कूल बस चालवणारी बाई, मला म्हणाली तुला गाडी येत नाही हे काय कारण झालं का? ओहायोच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पॅरलल पार्किंग नसतं, त्याऐवजी ९ फूट बाय २० फुटांच्या चौकटीतून पुढे जाऊन, मधल्या खांबाला वळसा देऊन, तसंच रिव्हर्स यायचं असतं. पाच खांब. तिने चर्चच्या पार्किंगमध्ये पाच बादल्या मांडल्या आणि सहा रविवार माझ्याकडून तेच करून घेतलं, मागे उभी राहून ओरडायची, "पांढरा बॉल कुठे जातोय ते बघ!" म्हणजे गाडीचं मागचं टोक. पास झाले त्या मंगळवारी स्वतः गाडी चालवत आले आणि तुम्ही स्कोअरशीटवरनं मान न उचलता म्हणालात, "आता मला कोण घरी सोडणार, तूच ना?"

आणि अंगारकी! आमची लीग मंगळवारची, त्यामुळे संकष्टी मंगळवारी आली की माझा उपास नेमका तिथे. पहिल्यांदा डब्यातनं साबुदाण्याची खिचडी नेली ती इलेक्ट्रिशियनने अर्धी खाल्ली आणि विचारलं हा कुठला तांदूळ. नंतर नंतर तर दोन मॅचच्या मधे अख्खी टीम पार्किंगमध्ये येऊन माझ्यासाठी चंद्र शोधायची, नाइट शिफ्टवाली नर्स फोनवर चंद्रोदयाची वेळ बघून ठेवायची. एकदा ढगच हटेनात तर समोरच्या टीमचे लोकपण बाहेर आले. उपास सोडला फ्राईजवर. आईला हे सांगितलेलं नाही, कृपया तुम्हीही सांगू नका.

तुमचं जबलपूर मात्र आम्ही फार सोसलं हां काका. दर महिन्याला कुणीतरी नवीन भेटला की सुरू, स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलं, आणि बिलियर्ड्समधला भारताचा पहिला जगज्जेता विल्सन जोन्स, १९५८, आणि तो जन्मला कुठे, तर पुण्यात! शेवटी शेवटी बसवालीच "पुण्यात" म्हणायची, तुमच्या आधी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मी चार झाले, आणि पुढच्या सेशनला पाच. मला वाटलं पेढे वाटावेत. पण २३ चं गणित बिघडलं. सात, पाच, चार, चार, तीन झाले तेवीस, सात ठेवून त्यात तुमचा सहा कुठेच बसेना. तेव्हा टीममधला एकजण मला हळूच म्हणाला की दोन-तीन आठवडे जरा चुकत जा, इनिंग (दोघांची एकेक पाळी झाली की एक) वाढव, नंबर खाली येईल, सगळेच करतात. मला ते वाईट वाटलं नव्हतं, खरं सांगते. टीमसाठी चुकायचं, त्यात काय. तुम्हाला विचारलं तर तुम्ही असे चिडलात, मी तुम्हाला तसं कधी बघितलंच नव्हतं. "मुद्दाम चुकायचं असेल तर घरी बस. इतक्या महिन्यांनी पाच झालीस ती काय परत तीन व्हायला?" मग पेन्सिल घेतलीत आणि त्या रात्री स्वतःचं नाव यादीत लिहिलंच नाहीत. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री. दिवसभर काम करून, चाळीस मिनिटं गाडी चालवून यायचं आणि फक्त इनिंगच्या रेघा मारत बसायचं, मला नाही जमणार. मी त्या वेळी थँक्यू म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही उठून कोक आणायला गेला असतात.

तेव्हा आत्ता म्हणते. थँक्यू काका. तीन पाहिजे होता म्हणून बोलावलंत त्याबद्दल, आणि पाच झाल्यावर उठून जागा दिलीत त्याबद्दल.

तुमचा खडूने निळा झालेला टॉवेल माझ्या क्यूच्या केसमध्ये राहिलाय, पोस्टाने पाठवते. तिकडे लीग जॉइन केलीत की नाही ते लिहा. नंबर तर सहाच राहणार, तो आपल्याबरोबर येतो. त्यांच्या बेरजेत बसत नसेल तर इकडे एक टीम आहे, आम्ही आमच्यातला पाच बाहेर बसवू.

तुमची,
पूर्वाश्रमीची तीन