कुत्र्याचे ५०, कुरडयांचे २००

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला पाळीव प्राण्यांच्या हेळसांडीवरचा लेख वाचला. छान होता, फोटो तर फारच छान. शेवटी नेहमीप्रमाणे 'कायदा आहे, जागरूक नागरिकांनी पुढे यायला हवं' असं आहेच. तर साहेब, मी आलो होतो पुढे. गेल्या मे महिन्यात. काय झालं ते ऐका.

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये हस्की होता, बर्फाळ मुलखातला कुत्रा. पुण्यात हस्की, यावर मी काही बोलत नाही. जानेवारीत त्याच्या वाढदिवसाचा केक अख्ख्या विंगमध्ये वाटला, आमच्याकडेही आला (कुत्र्याचा वेगळा, माणसांचा वेगळा, तेवढी अक्कल होती). मे महिन्यात मंडळी चार दिवस दापोलीला गेली आणि कुत्रा गॅलरीत, साखळीला. कोणीतरी येऊन बघून जाणार असं म्हणे ठरलं होतं, ते कोणीतरी पहिल्या दिवशी आलं आणि मग गायब. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरून वाकून बघितलं तर पाण्याची बादली आडवी, कोरडी ठणठणीत, आणि हा तिच्यात तोंड घालून पडलेला. भुंकतही नव्हता. भुंकला असता तर आवाजाची तक्रार तरी कोणी केली असती.

मालकांचा फोन लागेना. मग आमचा कडीचा डबा कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला बांधला आणि सोडला खाली. पहिला डबा ग्रिलला आपटून सगळा सांडला. दुसरा अर्धा पोचला, त्याने गजांमधून तोंड बाहेर काढलं, साखळी इतकी आखूड की मागच्या दोन पायांवर उभा राहून पीत होता बिचारा, आणि मी वर दोरी धरून हात थरथरतोय. त्या दिवशी सहा डबे. पुढचे दोन दिवस हेच, पोळ्यासुद्धा पिशवीत घालून तशाच सोडल्या. बायको म्हणाली, दोरी गेली तरी चालेल, तुम्ही जाऊ नका खाली.

मधल्या वेळात चौकीत जाऊन आलो. हवालदार सभ्य होते, पंखा माझ्याकडे वळवला. विचारलं, "काका, कुत्रा जिवंत आहे ना?" म्हटलं, आहे. "मग एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून देतो." याचा अर्थ नंतर वकील भाच्याने समजावला. कुत्र्याला ठार मारलं, विष घातलं, लुळंपांगळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम, पाच वर्षांपर्यंत कैद. नुसतं उपाशी-तहानलेलं बांधून ठेवलं तर प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११. त्यात सगळं लिहिलंय हो! आखूड साखळी, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, जणू आमच्या खालच्या गॅलरीत उभं राहूनच लिहिलंय. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांत परत केलं तर २५ ते १००, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० ला ५० रुपये ही रक्कम होती, आमच्या वडिलांचा पगार १४० होता. आता ते ५० सुद्धा सहज निघत नाहीत, कारण गुन्हा अदखलपात्र, कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास नाही, आणि तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर विषयच संपला. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवायचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, तो मसुदा अजून मसुदाच आहे.

आता खरी गंमत. डब्यातलं जे पाणी सांडलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर. भिजल्या, चूक माझी, मी माफी मागितली आणि किलोभर विकतच्या नेऊन दिल्या, त्यांची काही तक्रार नव्हती. पण सेक्रेटरींनी कुठून तरी हे ऐकलं आणि आठवड्यात मला नोटीस, 'गॅलरीतून खाली पाणी सांडणे, दंड रु. २००'. भरला. पावती आहे. मी विचारलं, चार दिवस कुत्रा बांधून गेले त्यांना काय? तर म्हणे तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे, सोसायटी त्यात पडत नाही. आणि मालकांचं म्हणणं असं की मी त्यांच्या गॅलरीत डोकावलोच का!

जूनमध्ये कुत्रा दिसेनासा झाला. विचारलं तर 'ओळखीच्यांच्या शेतावर सोडलाय, मजेत आहे.' कुठे? मुळशीकडे. मुळशीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हेही त्याच कलम ११ मध्ये बसतं म्हणतात, पण मी आता चौकीत काय सांगू, हवालदार पुन्हा विचारतील कुत्रा जिवंत आहे ना, आणि या खेपेला मला माहीत नाही.

जाता जाता. ज्या पानावर तुमचा लेख होता त्याच्या मागच्याच पानावर छोट्या जाहिरातींत 'लॅब, हस्की पिल्ले विकणे आहे, घरपोच' अशा तीन जाहिराती होत्या. कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुमच्या जाहिरातींत नोंदणी नंबर मला तरी कधी दिसला नाही, पिल्लांचं वय तर नाहीच. जाहिरात घेताना काउंटरवर एवढं विचारायला काय हरकत आहे?

माझं पाणीकपातीवरचं पत्र मागे अर्धं कापून छापलंत. हेही कापालच, आणि कुठला परिच्छेद जाईल ते मला माहितीये. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे