रास्त भावाबरोबर हिशेबाची वहीही शेतकऱ्याच्या हाती हवी

महोदय,

अल्पभूधारक शेतकऱ्याला दारिद्र्यातून बाहेर काढायचे तर त्याच्या मालाला रास्त भाव मिळाला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु भाव कसा ठरला, माल कोणी जोखला आणि त्याची प्रत कोणी लावली, हे ज्याला उमगत नाही त्याच्या घरात वाढीव भावाचा पैसाही फार काळ टिकत नाही. रास्त व्यापाराची, म्हणजे उत्पादकाला परवडेल असा भाव देऊन केलेल्या खरेदी-विक्रीची, चर्चा बहुधा भावापाशीच थांबते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जगात शेतीच्या साठ कोटींहून अधिक धारणा, म्हणजे स्वतंत्रपणे कसली जाणारी शेते, आहेत. त्यांतल्या पाचांपैकी चारांहून जास्त दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत आणि जगाचे सुमारे एकतृतीयांश अन्न या लहान धारणांवर पिकते. एवढे पिकवूनही हा शेतकरी गरीब राहतो, कारण नडीच्या वेळी ज्या व्यापाऱ्याकडून त्याने उचल घेतलेली असते, त्यालाच सुगीच्या ऐन पडत्या भावात माल घालावा लागतो. तेथे काटा व्यापाऱ्याचा असतो आणि वहीही त्याचीच असते.

बाजार कोसळला की काय होते, हे कॉफीने दाखवून दिले आहे. कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोट्याची पद्धत जुलै १९८९ मध्ये मोडली आणि पुढे २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. १९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाने रास्त व्यापाराचे पहिले प्रमाणचिन्ह निघाले होते. त्या परंपरेतल्या ‘फेअरट्रेड’ या प्रमाणपत्र-व्यवस्थेत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना त्या पडत्या काळातही अधिमूल्य (भावावर संस्थेला मिळणारी जादा रक्कम) धरून पौंडाला १ डॉलर २६ सेंट मिळत होते. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या (गर धुऊन वाळवलेल्या) अरेबिकाचा हमीचा किमान भाव १ डॉलर ८० सेंट आहे आणि त्यावर २० सेंटांचे अधिमूल्य मिळते. शिवाय संस्थेने मागितल्यास कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची तरतूद आहे. उचलीच्या फासातून सुटण्यासाठी मला ही तरतूद किमान भावाइतकीच मोलाची वाटते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. किमान भाव संस्थेला मिळतो. संस्थेचा खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या पदरात किती पडते, हे संस्थेच्या कारभारावर अवलंबून असते. प्रमाणित झालेला सगळा माल त्या भावाने विकला जातोच असे नाही; ग्राहक न मिळाल्यास उरलेला माल नेहमीच्या बाजारात पडेल त्या भावाने द्यावा लागतो. लंडनच्या सोआस या विद्यापीठ-संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडाविषयी जो अहवाल दिला, त्यात तर फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांतील शेतमजुरांची मजुरी इतर भागांपेक्षा सरस आढळली नाही. लहान शेतकऱ्याच्या रानातही मजूर राबतात, याचा विसर पडता कामा नये.

आता कौशल्याकडे वळतो. चॉकलेट ज्यापासून करतात त्या कोकोच्या बिया पाच-सहा दिवस आंबवून नंतर वाळवतात. खरेदीदार त्यांतल्या काही बिया उभ्या चिरून आतला रंग पाहतो. तपकिरी रंग म्हणजे बी नीट आंबली, जांभळट म्हणजे अर्धवट राहिली, पाटीसारखी राखाडी आणि टणक निघाली तर आंबलीच नाही. पांढरी बुरशी दिसली की प्रत घसरलीच. ही परीक्षा एका साध्या चाकूने घरच्या अंगणात करता येते. ती स्वतः करून आलेल्या शेतकऱ्याला “माल कच्चा आहे” एवढे म्हणून कोणी भाव पाडू शकत नाही, आणि माल खरोखरच कच्चा असेल तर पुढच्या खेपेला काय सुधारायचे हेही त्याला कळते.

हिशेबाचेही तसेच आहे. समजा, एका पोत्यामागे खते, औषधे आणि मजुरी यांवर साठ रुपये रोख गेले आणि पोते ऐंशीला विकले. शेतकरी म्हणतो, वीस सुटले. पण त्याची बायको, मुले आणि तो स्वतः राबले त्याचे तीस आणि उचलीवरच्या व्याजाचे दहा धरले, तर खर्च शंभरावर जातो. म्हणजे विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे घराने वीस रुपयांचे श्रम फुकट दिले. हे वहीत उतरल्याशिवाय दिसत नाही. आणि त्यातही घरच्या बाईचे कष्ट कोणत्याच रकान्यात नसतात, याचे मला फार वाईट वाटते.

केवळ वही शिकवूनही भागत नाही. टोगोमध्ये दीड हजार लहान व्यावसायिकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हिशेब व विक्रीच्या नेहमीच्या प्रशिक्षणाने नफ्यात म्हणण्याजोगी वाढ दिसली नाही. पुढाकार घेणे, नवी संधी हेरणे आणि अडचणीत चिकाटी धरणे शिकवले, तेथे मात्र नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. ते शेतकरी नव्हते हे खरे, तरी प्रशिक्षण आखणाऱ्यांनी हा धडा घ्यावा.

घानामध्ये १९९३ साली उभी राहिलेली ‘कुआपा कोकू’ ही कोको उत्पादकांची सहकारी संस्था मला या दृष्टीने महत्त्वाची वाटते. तेथे गावातले सभासद आपल्यातूनच एकाला निवडतात आणि तो सर्वांचा कोको जोखून नोंदवून घेतो. पुढे १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका चॉकलेट कंपनीत ही संस्था भागधारकही झाली. काटा आपल्या माणसाच्या हाती आल्यापासून कंपनीच्या बैठकीत बसण्यापर्यंतचा हा प्रवास नुसत्या भाववाढीने झाला नसता.

फेअरट्रेड कॉफीच्या अधिमूल्यातील निदान ५ सेंट उत्पादकता व गुणवत्ता यांवर खर्च करण्याचा नियम आहेच. त्याच धर्तीवर अधिमूल्याचा ठरावीक हिस्सा सभासदांच्या व्यवसाय-शिक्षणासाठी राखून ठेवावा, ते वर्ग बायकांना येता येईल अशा वेळी व गावातच घ्यावेत आणि संस्थेचा ताळेबंद दरवर्षी सभासदांच्या भाषेत, सर्वांसमोर वाचून दाखवावा, अशी माझी या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना आणि त्यांना देणग्या देणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक